टोचन नको, ट्रेलर आण

"टोचन करून नेऊ की," गावातला पिकअपवाला भरत फोनवर म्हणाला. "दोर बांधतो, मी पिकअपनं पुढं वढतो, तू मागं स्टेअरिंगवर बस. ट्रेलर कशाला?"

"टोचन नको. ट्रेलर आण."

"अरे, भाडं डबल पडंल."

"पडू दे! आणतोस का नाय, तेवढं सांग!" अनिल खेकसला आणि त्यानं फोन ठेवला.

सकाळपासून त्याचं डोकं फिरलं होतं. वैशाखरे गावात गुरुजींच्या दारात गाडी उभी, चावी खिशात, आणि गाडी जागची हलत नव्हती. जुनीच, पण गुरुजींनी लेकरासारखी जपलेली. काल व्यवहार झाला, आज पहाटे गुरुजी नाशकाला लेकीकडं निघून गेले. आता गाडी आटगावला घरी न्यायची तेवढी राहिली होती. नेमकं तेवढंच होईना.

घरी आई वाट बघत होती. सकूबाईचं माहेर सिद्धगडच्या पायथ्याला. गुडघे गेल्यापासून तिनं ते पाहिलं नव्हतं. एसटीतून उतरून पुढचा चढ कोण चढणार? आज तिच्या भावाच्या नातीची हळद. "आये, या वेळी एसटी नाय," अनिलनं अख्ख्या भावकीसमोर सांगितलं होतं, "मी स्वतः गाडी चालवत नेणार तुला." त्यासाठी शहापुरात ड्रायव्हिंगचा क्लासही लावला होता. म्हातारी सकाळीच नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

गुरुजींचा शेजारी जाणू चहा घेऊन आला.

"काल तर गुरुजी हिच्यातनंच मुरबाडला जाऊन आले. आजच कशी बंद पडली?"

"ते गाडीला विचार!"

"टोकावड्याचा मेकॅनिक बोलावू का? फटफटीवर येल."

"नको. कोण कुठला यायचा नि वायरी उपटून जायचा."

जाणू रिकामा कप घेऊन गेला. तेवढ्यात स्नेहलचा फोन आला. बायकोला काय सांगायचं, हे एक वेगळंच लचांड होतं.

"निघालात का? आयेनं सकाळपासून घासभर खाल्लं नाय."

"गाडी बंद हाय. ट्रेलरवर टाकून आणतोय."

मग तिनं विचारलं, "सेल्फ मारते का? का बॅटरीच उतरलेय?"

"तुला काय कळतं गो त्यातलं? दोन महिने शिवणक्लासला जातेस, एक ब्लाऊज तरी शिवलास का? तू आपली नारळ नि लिंबं बघ."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवताना ती हसली असं त्याला वाटलं, आणि त्याचं डोकं आणखीच तापलं.

भरत आला तेव्हा दुपार टळत आली होती. किन्हवलीला ट्रेलरचं चाक पंक्चर झालं म्हणे. शिवाय जेवूनही आला होता. अनिलनं त्याला चार शिव्या हासडल्या, पण त्यानं गाडी थोडीच ट्रेलरवर चढणार होती!

"आत बस, हँडब्रेक सोड, न्यूट्रल कर," भरत म्हणाला. "मी ट्रेलरचं हँडल फिरवून दोरानं वर वढून घेतो."

"तू आत बस. हँडल मी फिरवतो."

"अरे, जीव जाईल. जड असतं."

"तुझा ट्रेलर, तूच बस! काय वाकडं झालं तर माझ्या नावानं शंख करशील."

भरतनं त्याच्याकडं बघितलं, पण बसला. अनिलनं हँडल फिरवून फिरवून गाडी वर घेतली. शर्ट पिळून काढण्याइतका भिजला.

"एकदा सेल्फ मारून बघू?"

"नको म्हणतो ना! आधीच उशीर झालाय."

सरळगावच्या नाक्यावर पोरं ओरडली, "काका, गाडी घेतली का भंगारात चालली?" अनिल मान खाली घालून बसला. ती त्यानं आटगावातच वर केली.

ट्रेलर अंगणात शिरला तशी सकूबाई भिंतीला धरून उठली. वर चढवलेली गाडी बघून तिचा चेहरा उतरला.

"बंद पडली का रे बाला? ऱ्हाऊ दे. फुडच्या लग्नाला जाईन मी," म्हणत ती पिशवी आत ठेवायला वळली.

अनिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माउलीनं चिडायला तरी हवं होतं.

भरतनं गाडी खाली उतरवली. स्नेहलनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

"बंद गाडीला लिंबं कसली ठेवतेस?" अनिल करवादला.

"चावी द्या."

"कशाला?"

"चावीला पण कुंकू लावतात."

त्यानं दिली. तिनं चावीला कुंकू लावलं, चपला दारातच काढल्या आणि सरळ गाडीत स्टेअरिंगवर जाऊन बसली. हात खाली घालून सीट पुढं ओढली. आरसा नीट केला. चावी फिरवली.

गाडी एका झटक्यात चालू झाली.

लिंबं फचाफच चिरडली. स्नेहलनं अंगणातल्या चिंचेला वळसा घातला, गाडी रिव्हर्समध्ये ओट्याच्या पायरीला आणून लावली आणि आतून दार उघडलं.

"या आये, बसा. हळदीला पोचतो आपण."

सकूबाई पिशवी घेऊन लगबगीनं बसली. भरत अनिलकडं बघत राहिला. अनिल खिडकीशी वाकला.

"तू... तू कुठं शिकलीस गो?"

स्नेहलनं पहिला गिअर टाकला आणि सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तुमच्याच क्लासला. तुमी दुसऱ्या दिवशी घाबरून पळालात ना, मास्तरांनी घरी फोन केलता. तुमच्या जागी मीच बसले."