एकही नकार नाही

“वर्षभरात दोन हजार तीनशे मागण्या, आणि एकही नकार नाही,” व्यवस्थापिका हिमेनाबाई म्हणाल्या. “मग हा माणूस त्या खुर्चीत करतो तरी काय?”

प्रश्न मळ्याची संगणकव्यवस्था पाहणाऱ्या विल्मेरला नव्हता. काम मात्र त्याचे होते. इक्वेडोरमधल्या कायाम्बेच्या त्या गुलाबमळ्यावर भांडारातून काहीही हवे असले, खोके असो, खत असो की कीटकनाशक, त्याची मागणी संगणकावर नोंदवावी लागे. आणि प्रत्येक मागणी एकाच वाटेने जाई: मुकादम, भांडारपाल, व्यवस्थापिका. ही वाट मोडून मागणीच्या प्रत्येक प्रकाराला आता स्वतंत्र वाट आखून द्यायची होती. नियम बाईंनी एका ओळीत सांगितला होता: ज्या टप्प्यावर कधी काही नाकारले गेले नाही, तो टप्पा काढून टाकावा. भांडारपाल आल्सिदेस फारिनांगो यांनी कधी काही नाकारले नव्हते. त्यांनी फक्त उशीर केला होता. सरासरी एकोणीस तास.

“त्याच्याकडे कळी मागावी, तर पाकळ्या गळेपर्यंत थांबवील,” बाई म्हणाल्या. “टप्पा गेला की मार्चअखेर खुर्चीही काढू. शुक्रवारपर्यंत होईल?”

“शुक्रवारी सकाळी.”

सहा वर्षांत विल्मेरने दिलेली तारीख कधी चुकवली नव्हती. फाटकावरचा पहारेकरी त्याच्या येण्यावर आपले घड्याळ लावी, आणि विल्मेरला ते ठाऊक होते, आवडतही होते.

आल्सिदेसना मळ्यावर सारे ‘ताइता’ म्हणत, वडीलधाऱ्याला म्हणावे तसे. पाठीमागे मात्र त्यांचे नाव ‘आत्ताच’ होते. मुकादम भांडाराच्या खिडकीशी येऊन आरडाओरडा करी. आतून शांत उत्तर येई, “आत्ताच देतो.” मग दोन दोन दिवस काही येत नसे.

गुरुवारी विल्मेरने नोंदी प्रकारवार वेगळ्या केल्या. सरासरी ही मोठी सभ्य गोष्ट आहे. ती कोणाचे नाव घेत नाही. ती फोडताच नावे दिसू लागली. खोकी, दोरा, कागद, खत: आल्सिदेसनी चार मिनिटांत दिले होते. एकोणीस तास जमले होते ते एकट्या कीटकनाशकामुळे. तेही सर्वत्र नव्हे. गेले काही महिने चौथ्या आणि नवव्या हरितगृहाची प्रत्येक मागणी अडून राहिली होती, आणि प्रत्येक वेळी ती सुटली होती शनिवारी दुपारी एकनंतर, तिथे काम करणाऱ्या बायका घरी गेल्यावर. त्याआधी काही महिने हीच गत दोन नंबरच्या हरितगृहाची होती; त्याआधी सहाव्याची.

आळशी माणूस इतका नेमका नसतो. विल्मेरने एकेक करून बाकीचे प्रकार त्या तारखांशेजारी मांडून पाहिले. खतात काही सापडले नाही. दोऱ्यात नाही. शेवटी गणवेशाचा प्रकार मांडला, आणि तो खुर्चीत मागे टेकला. ज्या हरितगृहात उशीर सुरू झाला होता, तेथल्या एखाद्या बाईने त्याच आठवड्यात मधल्या मापाचा एप्रन परत करून मोठ्या मापाचा नेला होता. एकदा घडते तर योगायोग म्हणता आला असता. तसे अकरा वेळा घडले होते.

तो भांडारात गेला. आल्सिदेस कॉफीत खारीसारखा बिस्कोचो बुडवून खात होते. त्यांनी एक त्याच्यापुढे सरकवला.

“ताइता, दिवस गेल्याचं त्या बायका तुम्हाला सांगतात?”

आल्सिदेसनी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर अकरा तारखा होत्या.

“मला कोण कशाला सांगेल? एप्रनच्या नाड्या पुरत नाहीत, एवढंच म्हणतात.” त्यांनी मिशीवरचा चुरा पुसला. “मी माप बदलून देतो.”

“मग फवारणीची मागणी सरळ नाकारा ना. बटण आहे तसं. एक नकार नोंदला, तरी तुमचा टप्पा वाचतो.”

“नाकारलं की कारण लिहावं लागतं, इंजिनियर. तुम्हीच बसवलंय ते. कारण वर जातं, आणि मार्चमध्ये त्या बाईचा करार संपतो, तो पुन्हा होत नाही. उशिराचं कारण कोणी विचारत नाही. नुसत्या शिव्या देतात.”

“चार वर्षं शिव्याच खाताय.”

“शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत. खा, मऊ पडेल तो.”

विल्मेरने बिस्कोचो खाल्ला. मग हातातला कागद नीट घडी करून त्याने भांडाराच्या चुलीत घातला.

शुक्रवारी सकाळी, ठरल्या वेळी, त्याने सहांपैकी पाच प्रकारांच्या नव्या वाटा सुरू करून दिल्या. त्या निर्दोष होत्या. हिमेनाबाईंनी प्रत्येक तपासली. मग त्यांचे बोट यादीच्या शेवटच्या ओळीवर थांबले.

“आणि कीटकनाशक? ते जुन्याच वाटेवर आहे. तिथे अजून ‘आत्ताच’ची सही लागते.”

एक वाक्य पुरले असते, ते खरेही ठरले असते, आणि त्यात अकरा बायकांची नावे आली असती. विल्मेर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तारीख दिली नाही.

“आत्ताच करतो, बाई,” तो म्हणाला.

याला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षे होतील. आल्सिदेस अजून त्या खुर्चीत आहेत. हिमेनाबाई दर सोमवारी विचारतात, दर सोमवारी चिडतात. पहारेकऱ्याने घड्याळ लावण्यासाठी दुसरा कोणी शोधला आहे. कारण मळ्यावर आता ‘आत्ताच’ नावाची दोन माणसे आहेत.