लॅमिनेट केलेले बारा शब्द

“मोबाइल इकडे दे,” संध्या म्हणाली.

आकाशने दिला. तिने दिराचा मोबाइल ओट्यावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून उभी राहिली. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्या खोलीचं दार तिने मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. गॅलरीतल्या बायकांचं बोलणं थांबलं होतं. थांबू दे. घरातला चोर सगळ्यांनी बघावा, असंच तिला वाटत होतं.

दुपारी एक चाळीसला तिच्या वॉलेटमधून तीन लाख गेले होते. चार वर्षांची कमाई. कपड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं ती कॉम्प्युटरवर बनवायची. आधी उल्हासनगरच्या ड्रेसवाल्या शेटना, मग परदेशातल्या गिऱ्हाइकांना. ते पैसे डिजिटल डॉलरमध्ये पाठवत, कोणी एका नेटवर्कवर, कोणी दुसऱ्या. वॉलेट मात्र एकच. बदलापूरला हेंद्रेपाड्यात एक गाळा तिने बघून ठेवला होता. सोमवारी तिथल्या मशीनचे पैसे भरायचे होते.

वॉलेट आकाशनेच काढून दिलं होतं. पत्ता एक, नेटवर्क तीन, आणि तिन्ही कुलपांना किल्ली एकच, हे बारा इंग्रजी शब्द; ते ज्याच्या हाती लागतील तो कुठल्याही मोबाइलवरून पैसे काढू शकतो, असं त्याने तेव्हा बजावलं होतं. फोटो काढायचा नाही, मोबाइलवर टाकायचे नाहीत, कोणाला सांगायचे नाहीत. संध्याने ते अक्षरशः पाळलं. वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने शब्द लिहिले, वर ‘वॉलेट’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पान मऊ पडून फाटायला आलं, तेव्हा गेल्या आठवड्यात उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून आणली. पहिल्या दोन तिरक्या आल्या. तिने दुकानदाराला तिसरी काढायला लावली. असल्या बाबतीत तिला गबाळेपणा खपत नसे.

ते चकचकीत कार्ड साड्यांच्या खाली जागच्या जागी होतं. म्हणजे शब्द तिला माहीत, आणि ती लिहीत असताना शेजारी बसलेल्या माणसाला. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने सख्ख्या भावाचे ऐंशी हजार कुठल्याशा कॉइनमध्ये बुडवले होते.

“काढलेस की नाही?”

“काढले. वहिनी, जरा जिन्यापाशी चला. सांगतो.”

हे त्याचं तिसऱ्यांदा होतं. जिन्यापाशी नाही, जे सांगायचं ते इथे, आईंसमोर, असं तिने तिसऱ्यांदा ऐकवलं.

सासू, भिमाबाई, भिंतीशी मेथी निवडत होती. मोबाइलमधल्या पैशांवर तिचा पहिल्यापासून राग. ही बाई एक दिवस आपल्या हातानेच सगळं घालवून बसेल, असं तिने शेजारपाजारी कितीदा सांगितलं होतं. आता ती मुलाला दोन शिव्या देत होती, सुनेला तीन.

आकाश खालच्या आवाजात म्हणाला की पैसे कुठे गेलेले नाहीत. त्याने नवीन वॉलेट काढलंय, त्यात आहेत.

“मग परत टाक.”

“जुन्या वॉलेटमध्ये? ते नाही करणार.”

संध्या दाराकडे वळून हसली. “ऐकलंत ना? नाही करणार म्हणतोय.”

दोन नेटवर्कवर शून्य होतं. तिसऱ्यावर मात्र चार हजारांच्या आसपास अजून दिसत होते. एवढे का सोडलेस, दया आली का, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं की त्या नेटवर्कची फी तिथल्याच कॉइनमध्ये लागते आणि वॉलेटमध्ये तो कॉइन नव्हता. फीपुरता तो विकत घेत होता, तेवढ्यात तिचा फोन आला. मोबाइल द्या, वेळ जातोय.

“म्हणजे तेही न्यायचेत.”

त्याची बॅग तिने पायाने गॅलरीत सरकवली. तिचा नवरा शंकर अंबरनाथहून कामावरून यायच्या आत निघायचं. भावाने एकदा मारायला सुरुवात केली, की मी मध्ये पडणार नाही, असंही बजावलं. आकाशने बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हाताची घडी घालून तिच्या मोबाइलच्या पडद्याकडे बघत होता.

पोलिसांना दाखवायला लागेल म्हणून तिने तिसरं नेटवर्क उघडलं. स्क्रीनशॉट काढायला बोटं टेकवली, आणि आकडा बदलला.

शून्य.

खाली दोन नव्या ओळी होत्या. कोणीतरी आधी फीपुरता कॉइन आत पाठवला होता, आणि लगेच सगळं बाहेर काढलं होतं. आत्ता. याच मिनिटाला.

संध्याने ओट्याकडे पाहिलं. आकाशचा मोबाइल तिच्याच तळहाताखाली होता, पडदा काळा. समोर आकाश. घडी घातलेले हात, रिकामे.

त्याने घडी सोडली. खिशातून दुमडलेला एक कागद काढला, आईकडे पाठ केली आणि तो संध्यापुढे धरला. त्यावर पेन्सिलीने हिशोब होता: आधार दोन, रंगीत एक, चौदा रुपये. खाली कॅम्प पाचमधल्या त्या दुकानाचा शिक्का, आणि आजची तारीख.

तिने कागद उलटा केला.

मागची झेरॉक्स तिरकी होती. वर तिच्याच अक्षरात ‘वॉलेट’, त्याखाली दोन रेघा. त्याखाली बारा शब्द, एकही न पुसलेला. वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर तो दुकानदार बिलं लिहायचा, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिरक्या दोन आल्या होत्या. ही एक.

“काय गं, काय दाखवतोय तो?” भिमाबाईने मान उंच करून विचारलं. “चोरीचा हिशोब का?”

आकाशने तिच्या हातातून कागद घेतला, होता तसा दुमडला आणि खिशात ठेवला.

“झेरॉक्सचं बिल आहे, आई.”