बोट ओलं करून

गृहस्थाने संत्र्याची साल सरळ बाकाखाली टाकली. कचऱ्याचा डबा हात लांबवला तर लागेल इतका जवळ होता.

पलीकडच्या बाकावरून बाईंनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. लेकीला शब्द दिला होता.

मागच्या आठवड्यात बसमध्ये एक तरुण मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून बसला होता. बाईंनी समजावायला तोंड उघडलं मात्र, तो असा अंगावर ओरडला की घरी पोचेपर्यंत त्या थरथरत होत्या. तेव्हाच लेकीने बजावलं होतं, "आई, जगाला वळण लावायचा मक्ता तू घेतलेला नाहीस. पुन्हा कुणा परक्याला बोललीस तर बागेत जायचं बंद."

बाग बंद म्हणजे सगळंच बंद. घरात बाई हल्ली बोलतच नसत. तिथे कुणी वावगं वागत नाही, मग बोलायचं काय?

खरं तर बाईंची रीत मोठी सभ्य होती. सगळी नोकरी वाचनालयाच्या टेबलामागे झालेली. चूक सांगायची ती शेजारी बसून, तिसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, आणि आधी एखादा बरा शब्द बोलून. चारचौघांत कान धरला तर माणूस सुधारत नाही, नुसता डूख धरतो, हे त्यांचं ठाम मत. बसमध्ये त्या उभ्याउभ्याच बोलल्या, तिथेच फसलं.

गृहस्थाने दुसरी साल टाकली. मग बुटांसकट पाय बाकावर घेतले आणि बेसूर शीळ घालायला सुरुवात केली. वय सत्तरीच्या पुढचं, सदरा कडक इस्त्रीचा, आणि वागणं हे असं. शिकले-सवरलेले लोक असं वागायला लागले तर पोरांनी काय करायचं?

शेजारी बसलेल्या लेकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाई समोरच्या झाडाची पानं बघत राहिल्या. जीभ नुसती वळवळत होती, पण शब्द म्हणजे शब्द.

गृहस्थाची शीळ थांबली. त्याने एक उसासा सोडला आणि पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढलं. मग बोट जिभेला लावलं, आणि पान उलटलं.

आता मात्र हद्द झाली. बाई उठल्या. "आई," लेक म्हणाली, पण तिने अडवलं नाही. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"पुस्तक छान निवडलंत," त्या हळूच म्हणाल्या. "पण बोट ओलं करून पान उलटू नये हो. तुमच्यानंतर ते आणखी कुणाच्या तरी हातात जायचं असतं."

गृहस्थाने घाईघाईने पाय खाली घेतले. "चुकलं, बाई."

"राग नाही ना आला?"

"छे! कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

इतकं सरळ ऐकून घेणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. बाईंना हुरूप आला.

"आमच्या ह्यांनाही हीच खोड होती. वाचनालयात यायचे, नेमके माझ्या टेबलासमोर बसायचे, आणि पानागणिक बोट तोंडात. मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! म्हटलं, काय निगरगट्ट माणूस आहे. लग्नानंतर कबूल केलं, मुद्दाम करत होते म्हणून. एरवी तू माझ्याशी बोलली असतीस का, म्हणे."

बाई खुदकन हसल्या. गृहस्थही हसला आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

"आता सुधारले का?" त्याने विचारलं.

"सोन्यासारखे आहेत. साल कधी रस्त्यावर टाकणार नाहीत. खिशात घालून घरी आणतील." बाईंनी बाकाखाली नजर टाकली.

गृहस्थ मुकाट्याने वाकला. साली गोळा करून त्याने डब्यात टाकल्या नाहीत, खिशात घातल्या.

"असतात कुठे ते?"

"कामावर गेलेत. हल्ली फार उशीर होतो त्यांना." बाईंचा आवाज जरा उतरला. "घर खायला उठतं. पण येतील. न सांगता राहणाऱ्यातले नाहीत ते."

उरलेल्या संत्र्याची एकेक फोड घेऊन गृहस्थ वरचे पांढरे दोरे काढत राहिला. मग फोडी बाईंपुढे धरल्या. बाईंना संत्रं अगदी असंच लागे, पण त्यांनी मान हलवली.

"परक्यांकडून काही घेऊ नये."

"तेही खरंच," तो म्हणाला.

उन्हं उतरली तशी लेक उठून आली. आता बोलणी खावी लागणार म्हणून बाईंनी मन घट्ट केलं. लेकीने नुसता हात धरला.

"उद्या येऊ ना गं?"

"येऊ की. रोज येऊ."

बाईंचा जीव भांड्यात पडला. फाटकाबाहेर आल्यावर मात्र त्यांनी सहज मागे पाहिलं आणि लेकीचा हात घट्ट आवळला. पिशवी सांभाळत गृहस्थ त्यांच्या मागोमाग येत होता.

"अगं, तो माणूस आपला पाठलाग करतोय," बाई कुजबुजल्या. "मीच मेली नको तेवढं गोड बोलले."

"येऊ दे, आई," लेक म्हणाली. "घराची किल्ली बाबांकडेच आहे."