प्लायवूडचा मोर

“काका, मुलींना हे मशीन शिकवता का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ऋतुजाने कॉम्प्युटरवर लाकूड कापणाऱ्या सीएनसी मशीनच्या वर्कशॉपच्या दारातून विचारलंच. “शिकवतो की. आधी डिझाइन आण.” घरी दहावीनंतर डॉक्टरकीचं ठरलेलं होतं, तरी तिने सोलापुरी चादरीवरचा मोर कॉम्प्युटरवर काढला, भोवती चौकट आखली. मशीनने रेघ न् रेघ कापली. काकांनी प्लायवूडची चौकट उचलली, तसा अख्खा मोर खाली आपटला. “उडाला गं उडाला!” मैत्रिणी खिदळल्या. “अगं, त्याला चौकटीला कुठंच जोडलं नाहीस की,” काका म्हणाले. ऋतुजा सगळ्यांहून मोठ्यानं हसली, पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली आणि चोच, पाय, पिसारा चौकटीला जोडले. संध्याकाळी घरी आईसमोर तिने नवी चौकट बाबांच्या हातात दिली. “हलवून बघा की.” बाबांनी गदागदा हलवली. मोर निसटला नाही. “आई, बाबा, मी डॉक्टर होणार नाही. हेच शिकणार.”