यम धुरातून येतो

“बाबा, यम मुलगी का नसावी?”

‘विचारून दाखवच,’ असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून देवयानीने बेधडक विचारलं. कोलकात्याच्या मराठी मंडळाचं नाटक बाबाच बसवत होते. यमाचं काम तिने पटकावलंच, वर यम धुरातून येणार, हा हट्टही पुरा करून घेतला! त्या धुरासाठी ती, आई आणि बाबा गाडीने हावड्याहून ड्राय आइसचा खोका घेऊन निघाले. खोका मागच्या सीटवर, आई आणि तिच्या मधे.

पुलावर गाड्या तुंबल्या. देवयानीने काच जराशी खाली केली.

“वर कर गं, बर्फ वितळेल!” बाबा जांभई देत म्हणाले. त्यांची ही कितवी तरी जांभई होती. देवयानीने काच वर केली.

“डोकं ठणकतंय,” आई पुटपुटली आणि तिची मान कलली.

देवयानीला धाप लागली. बसल्या जागी धाप? तिला एकदम रसायनशास्त्राचा तास आठवला. हा बर्फ वितळतच नाही, त्याचा थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो. आणि गाडीच्या सगळ्या काचा बंद!

“बाबा, काचा खाली करा! सगळ्या!”

“अगं, पण बर्फ...”

तिने दार उघडलं आणि उतरून खोका रस्त्यावर ओढला. मागचा टॅक्सीवाला बंगालीत करवादला. नदीवरचा वारा आत शिरला, तरी आई हलेना. देवयानी तिला गदागदा हलवत राहिली. अखेर आईने डोळे उघडले.

“काय झालं गं?”

“आई, बाबा, माझं ठरलंय,” देवयानी म्हणाली, “नाटकात धूर नको. यम धुरातून आला की कळतसुद्धा नाही.”