ग्रीसचं बोट

जावयाचा जीव घेणारी गाडी मिस्त्रीने हट्टाने स्वतःच खोलायला घेतली. ब्रेकने दगा का दिला, ते पोलिसांना सांगायचं होतं. खालचे नट गंजून असे जाम झाले होते, की रॉकेल ओतून, हातोडीने ठोकूनही हलेनात. ब्रेकच्या नळीचा नट मात्र दोन बोटांनी गरकन फिरला. आट्यांवर ताजं ग्रीस होतं. ग्रीसचं बोट फिरवल्याशिवाय नट परत बसवायचा नाही, ही शिस्त त्याने आयुष्यात एकाच माणसाला लावली होती.

मुलगी दारात उभी होती. डोळ्याखालचा वळ अजून काळानिळाच होता.

"बाबा, काही सापडलं?"

त्याने नट स्वतःच्या बाहीला घासून पुसला.

"गंज सापडला, पोरी. नुसता गंज."