जुनं होण्यासाठी ठेवलेलं टेबल

रंगीत दगडांची वेल जडवलेलं नवंकोरं संगमरवरी टेबल दिगंबरने सहा महिन्यांपूर्वी आत्याच्या स्वयंपाकघरात आणून टाकलं होतं. हळदीचे, चहाचे डाग मुरले की ते 'दोनशे वर्षांपूर्वीचं' म्हणून विकायचा त्याचा बेत होता.

आज गिऱ्हाइकाला घेऊन तो आत शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. टेबल आरशासारखं चमकत होतं.

"पाहुणे येणार म्हणालास ना? सकाळपासून रांगोळीने घासतेय," आत्या कौतुकाने म्हणाली. "मेले डाग निघता निघेनात!"

दोनशे वर्षं तिने मोरीत वाहून घालवली होती.

गिऱ्हाईक हसलं. त्याची नजर मसाला वाटून वाटून मधोमध झिजलेल्या पाट्यावर गेली. "आजी, हा केवढ्याला?"

"तो नाही मिळायचा," आत्या म्हणाली. "तो खरंच जुना आहे."